आठव्या आठवड्याला घरी

विदिन, १४ जुलै २०२२

सावा,

तुझे सात फोन आले आणि सातही मी उचलले नाहीत. तुझा आवाज ऐकला की मी मऊ पडते. तुला ते ठाऊक आहे, म्हणून तर तू फोन करतोस. यापुढे सांगायचं असेल ते लिहून कळव. मीही लिहूनच कळवेन.

चार ट्रक तू नेलेस. ते तुझ्या वाट्याचे होते, वकिलाने मला तीनदा समजावलंय, चौथ्यांदा तू समजावू नकोस. पण ते आवाराबाहेर पडत होते तेव्हा बाबा ऑफिसच्या खिडकीशी उभे होते. चौथा ट्रक पुलाच्या रस्त्याला लागला तरी ते हलेनात. मी म्हटलं, "बसा ना." तर म्हणाले, "पाचवा निघत नाही ना, बघतोय."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तू काय बोललास ते मी विसरले नाही. "ताई, दर आठ आठवड्यांनी स्पेनहून ट्रक बल्गेरियात, विदिनला आणायचा, आवारात उभा करायचा, आणि पुन्हा रिकामाच तिकडे धाडायचा. हा धंदा आहे की नवस?" बाबा हसले. मी हसले नाही. मग तू दोन बोटं दाखवलीस. "दोनच रस्ते आहेत. एक तर कागदावर खोटं लिहायचं, नाहीतर जर्मनीत जाऊन तिथली कंपनी काढायची. तिसरा असेल तर दाखव."

तिसरा म्हणजे नियम पाळायचा, असं मी म्हटलं. तुला ते इतकं हास्यास्पद वाटलं की तू पाणी सांडलंस.

हस खुशाल. नियम वाईट आहे हे मलाही कळतं. विदिनमध्ये आता असं बनतं तरी काय, की ट्रक इथून भरून निघावा? टायरचा कारखाना आपण शाळेत असतानाच बसला. आपले ट्रक फ्रान्स-स्पेनमध्येच फिरणार, तिथल्यांचा माल तिथेच पोचवणार. आणि तिथल्यांना तेच खुपतं. हे पूर्वेकडचे लोक स्वस्तात येतात आणि आमचं काम खातात, म्हणून युरोपियन युनियनचा हा फास: दर आठ आठवड्यांनी ट्रक मालकाच्या देशात परतलाच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ब्रसेल्सला ट्रक नेऊन हॉर्न वाजवत बसलेल्यांत तू होतास, मी नव्हते. पण हॉर्न वाजवणारा तूच आज त्यांच्याकडे जाऊन त्यांचीच पाटी लावतोस. आणि पाटीवर बाबांचं नावसुद्धा नाही. जर्मनांना उच्चारता येत नाही म्हणे! 'दानाईल' म्हणताना यांची जीभ अडखळते होय?

पाच ट्रक आहेत माझ्याकडे. पाचही आठव्या आठवड्याला घरी येतील. बघत राहा.

नेव्हेना


विदिन, ९ नोव्हेंबर २०२२

सावा,

काल बाबांना चाळीस दिवस झाले. गहू शिजवला, कबरीवर वाइन ओतली. पाद्री घाईत होता. आवाराच्या फाटकावर लावलेला त्यांच्या मृत्यूचा कागद पावसाने भिजून निम्मा सोलला गेला. मी तो तसाच ठेवलाय.

तू अंत्यविधीला आलास, जर्मनीतल्या पासाऊची नंबरप्लेट लावलेली गाडी चर्चच्या अगदी दारात उभी केलीस. तुला चार शब्द बोलायचे होते आणि मी बोलू दिले नाहीत, म्हणून रागावलायस. माणसाचं कौतुक जिवंतपणी करायचं असतं. शेवटचे तीन आठवडे ते अंथरुणावर होते, तू कुठे होतास?

तू विचारलंयस, "शेवटी बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

नाही. तुझं नाव काढलं नाही त्यांनी.

त्यांची औषधं, कपडे, सगळं वाटून टाकलं. पट्ट्याचं घड्याळ क्रुमकाकांना दिलं. तुला हवं होतं हे नंतर कळलं. पण बाबांबरोबर पहिला ट्रक चालवला तो क्रुमकाकांनी. तुला गाडी शिकवली तीही त्यांनीच. आणि तू बोलावूनही ते जर्मनीला गेले नाहीत. तुझ्याबरोबर दुसरे तिघे चालक गेले, क्रुमकाका इथेच राहिले. मग घड्याळ कोणाचं?

नेव्हेना


विदिन, १२ मार्च २०२३

सावा,

"ताईचं ट्रकांचं कसं काय जमतंय?" असं विचारायला तू परवा बोरिसच्या पेट्रोल पंपावर माणसं लावलीस, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. विदिन एवढुसं गाव आहे. मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं.

छान जमतंय. नियमाप्रमाणे जमतंय. आठव्या आठवड्याला ट्रक येतात, आवाराच्या वहीत नोंद होते, ट्रक जातात. रस्ता-तपासणी खात्याचा माणूस फेब्रुवारीत येऊन वही बघून गेला. कॉफी प्यायला आणि म्हणाला, "सगळ्यांनी तुमच्यासारखं काम केलं असतं तर मला घरीच बसता आलं असतं." आता बोल.

क्रुमकाका गेल्या शनिवारी मिनीबसने आले. ऑफिसात आले तेव्हा घरून बोयकाकाकूंनी त्यांच्याबरोबर माझ्यासाठी पालक भरून भाजलेली बनित्सा पाठवली होती. थकलेत. स्पेनमध्ये सारागोसाच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने काढून कोण थकणार नाही? चार दिवस झोपले आणि पुन्हा मिनीबसने गेले.

तुझी निळी जर्मन लेटरहेडं माझ्याकडे पाठवू नकोस. साधा कागद वापर.

नेव्हेना


विदिन, २ ऑक्टोबर २०२३

सावा,

हो, क्रुमकाका आता आपल्याकडे नाहीत. माझ्याकडे नाहीत. बातमी तुझ्यापर्यंत पोचायला तीनच दिवस लागले, बाबांच्या आजारपणाची पोचायला इतकेच लागले असते तर बरं झालं असतं.

काय झालं ते मीच सांगते, म्हणजे पंपावर विचारत बसायला नको. ऑगस्टमध्ये फ्रेंच पोलिसांनी त्यांना सरहद्दीजवळ थांबवलं. ट्रकमधल्या यंत्रात चालकाने रोज आपण कोणत्या देशात आहोत ते दाबायचं असतं, तुला माहीत आहे. आपल्या जुन्या ट्रकमध्ये ते यंत्र स्वतःहून ओळखत नाही. तर त्यात जुलैचे सहा दिवस बल्गेरिया होता आणि खिशात त्याच सहा दिवसांच्या स्पेनच्या टोलच्या पावत्या. म्हणजे ट्रक घरी आल्याचं नाटक. क्रुमकाकांनी तिथल्या तिथे कबूल केलं की, "मी दाबलं." कोणी सांगितलं? "कोणी नाही. मी."

दंड झाला, ट्रक अडकला. इकडे खात्याने मला पत्र पाठवलं, खुलासा करा, नाहीतर परवाना जाईल. परवाना गेला तर पाच ट्रक, चार चालक, मी, बाबांची पाटी, सगळं बंद. काय करायला हवं होतं मी? जो चालक यंत्रात खोटं भरतो त्याला कुठलीही कंपनी ठेवत नाही. मीही ठेवलं नाही. शिस्तभंग म्हणून काढलं, सेवापुस्तकात तसं लिहिलं, खात्याला प्रत पाठवली. परवाना वाचला.

एकसष्ट वर्षांच्या माणसाने अशी चूक करायला नको होती, इतकंच म्हणेन.

नेव्हेना


विदिन, १८ फेब्रुवारी २०२४

सावा,

तू विदिनला आलास, क्रुमकाकांच्या घरी दोन तास बसलास आणि आवारावरून गाडी न थांबवता गेलास. पंपावर हवा भरताना तुला पाहिलं मी. मान वळवलीस.

त्यांनी तुला काय सांगितलं मला माहीत नाही. तुझं पत्र एकाच ओळीचं आहे: "ताई, खोट्याचं नाव या घरात काढू नकोस असं त्या दिवशी टेबलावर कोण ओरडलं होतं?"

मी ओरडले होते.

बरं. ऐक मग. मी सांगितलं होतं त्यांना. लिहून नाही, फोनवर. लिहून द्यायला मी काही भोळी नाही. २०२२ च्या डिसेंबरात, बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. पहिल्या फेरीला मी नियमाप्रमाणे पाचही ट्रक घरी आणले. रिकामे. तीन हजार किलोमीटर. ते परत पोचेपर्यंत कामं दुसऱ्यांनी उचलली होती, दोन गिऱ्हाइकांनी तर फोनही घेतला नाही. दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हा मी क्रुमकाकांना फोन केला. म्हटलं, ट्रक तिथेच ठेवा, तुम्ही मिनीबसने या, आणि सुट्टीचे दिवस यंत्रात बल्गेरिया भरा. वहीचं मी बघते.

ते म्हणाले, "पोरी, सारागोसात बसून बल्गेरिया दाबू?"

"दाबा ना काका. एक बटण तर आहे."

"तुझ्या बापाने सांगितलं असतं हे?"

"बाबांच्या वेळी कंपनीत नऊ ट्रक होते."

एवढंच बोलणं. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. इतर चालकांनाही त्यांनीच शिकवलं. पकडले गेले फक्त तेच, कारण टोलच्या पावत्या नीट जपून ठेवायची त्यांना सवय. माझ्याच हिशेबासाठी जपल्या होत्या.

आणि हो, त्यांनी आता कोर्टात दावा लावलाय. कामावरून काढलं ते बेकायदेशीर म्हणून. गेल्या मंगळवारी पहिली तारीख होती. न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, तुम्ही चालकाला तशी सूचना दिली होती का? मी म्हटलं, नाही. क्रुमकाका समोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, आता उठतील, ओरडतील. ते टोपीच्या शिवणीकडे बघत बसले. त्यांच्याकडे कागद नाही, साक्षीदार नाही. बाकीचे चालक माझ्याकडे नोकरीला आहेत.

तू म्हणशील, निर्लज्ज आहेस. म्हण. पण तू चार ट्रक नेले नसतेस तर माझ्यावर ही वेळ आली नसती, हेही एकदा म्हण.

नेव्हेना


विदिन, ६ ऑक्टोबर २०२४

सावा,

तूही वाचलं असशीलच. परवा, शुक्रवारी लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्टाने आठ आठवड्यांचा नियम रद्द केला. त्याचा वाहतुकीवर काय परिणाम होईल याचा नीट विचारच कायदा करणाऱ्यांनी केला नव्हता म्हणे. ब्रसेल्समध्ये ट्रकचे हॉर्न वाजत होते तेव्हा तुम्ही हेच ओरडत होतात. त्यांना ते ऐकू जायला चार वर्षं लागली.

आवारात जत्रा होती. चालकांनी राकियाच्या बाटल्या आणल्या, शेजारच्या गॅरेजवाल्यांनी मिरच्या भाजल्या, पलीकडच्या कंपनीचा मालक येऊन मला मिठी मारून म्हणाला, "जिंकलो, नेव्हेना!" सात ट्रक होते त्या माणसाकडे. त्याने या नियमापायी गेल्या वर्षी सगळे विकले. रिकाम्या आवाराचा मालक मला मिठी मारून जिंकलो म्हणत होता.

मी अर्ध्यातून उठले आणि क्रुमकाकांच्या घरी गेले. वर्षभरात पहिल्यांदा. का गेले? खरं सांगते, मला वाटलं, आता सगळं मिटेल. नियमच नाही तर गुन्हा कसला?

बोयकाकाकूंनी दार उघडलं आणि आत बघून म्हणाल्या, "ती आलीय." नाव घेतलं नाही. ते व्हरांड्यात अक्रोड फोडत होते.

मी म्हटलं, "काका, नियम गेला."

"कुठला?"

"आठ आठवड्यांचा. लक्झेंबर्गने उडवला."

"बरं झालं." त्यांनी आणखी एक अक्रोड फोडला. "मग?"

"मग... ज्यासाठी तुम्हाला शिक्षा झाली ते राहिलंच नाही."

तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली. "मला ट्रक घरी न आणल्याची शिक्षा झाली नाही, पोरी. यंत्रात खोटं भरल्याची झाली. तो नियम उडवला का त्यांनी? खोटं भरू नये हा? विचार एकदा तुझ्या लक्झेंबर्गला."

"आणि काढलं मला लक्झेंबर्गने नाही," ते म्हणाले. "तुझ्या सहीने काढलं. फ्रान्समध्ये मी तुझं नाव घेतलं नाही ते कशासाठी? दानाईलच्या पोरीला तुरुंग नको म्हणून. मला वाटलं होतं, घरी गेलो की तू म्हणशील, काका, चुकलं, बसा. तू कागद पुढे केलास."

काकूंनी आतून विचारलं, "कॉफी टाकू का?" ते म्हणाले, "नको. ती निघालीय."

मी निघाले.

सावा, आता एक गोष्ट लिहिते, ती वाचून तू हे पत्र फाडलंस तरी चालेल. मी तुला लिहिलं होतं की बाबांनी शेवटी तुझं नाव काढलं नाही. रोज काढत होते. जायच्या आठ दिवस आधी मला जवळ बसवून म्हणाले, "सावाला बोलाव. उरलेले पाचही तिकडे घेऊन जा म्हणावं. त्याचं बरोबर होतं, माझा हट्ट होता. तूही जा." मी म्हटलं, बोलावते. दुसऱ्या दिवशी विचारलं, "केलास फोन?" मी म्हटलं, "केला बाबा, तो कामात आहे. सवड झाली की येतो म्हणाला."

तिसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं.

मी फोन केलाच नव्हता. तू आला असतास, ट्रक नेले असतेस, आणि मग मी कोण उरले असते?

नेव्हेना


विदिन, २९ नोव्हेंबर २०२४

सावा,

महिन्यापेक्षा जास्त झालं, तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहिणं आता पुरे.

गेल्या आठवड्यात शेवटची तारीख होती. माझ्या वकिलाने तासभर शिकवून ठेवलं होतं की दावा कमजोर आहे, तुम्ही फक्त गप्प बसा. न्यायाधीश बाईंनी फाईल मिटता मिटता सवयीने विचारलं, "कोणाला आणखी काही सांगायचंय?" मी उभी राहिले. वकिलाने माझा कोट ओढला. मी म्हटलं, सूचना मी दिली होती. फोनवर. आवाराच्या वहीतल्या नोंदीही माझ्याच आहेत, ट्रक आले नव्हते. फेब्रुवारीत मी इथेच खोटं बोलले.

बाईंनी चष्मा काढला. "याचे तुमच्या परवान्यावर काय परिणाम होतील, कल्पना आहे?"

"आहे."

"मग आज का?"

मी म्हटलं, "उशीर झाला, माहीत आहे."

क्रुमकाकांनी मान वर केली नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम झाला. बाहेर वकील मला म्हणाला, "बाई, बहुतेक लोक माझी फी भरून असं करत नाहीत." खात्याने परवाना थांबवलाय, अखेरचा निर्णय पुढच्या महिन्यात. चालकांनी समजून घेतलं, म्हणजे दुसरीकडे नोकऱ्या शोधल्या. कोणी भांडलं नाही. त्यापेक्षा भांडले असते तर बरं.

नेव्हेना


विदिन, २० डिसेंबर २०२४

सावा,

तुझं पत्र मिळालं. बाबांबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस, फक्त क्रुमकाकांचं काय झालं विचारलंस. तेवढंच सांगते.

दोन डिसेंबरला, सोमवारी, सकाळी सात वाजता ते फाटकाशी उभे होते. डॅन्यूबवरून धुकं आलं होतं, आधी मला कोण आहे ते कळलंच नाही. कामाचं जॅकेट, हातात डब्याची पिशवी. मी म्हटलं, "काका, काय झालं?"

"कोर्टाने कामावर घेतलंय. कामावर आलोय."

"पण परवाना नाही. एकही ट्रक बाहेर काढता येत नाही."

"ते तुझं तू बघ. हजेरीची वही कुठाय?"

वही दिली. त्यांनी वेळ लिहिली, सही केली आणि ट्रकांकडे गेले. थंडीने गोठू नये म्हणून हवेच्या टाक्यांमधलं पाणी काढलं, टायरची हवा बघितली, काचा पुसल्या. बारा वाजता पहिल्या ट्रकच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. मी आत बोलावलं, आले नाहीत. चारला पुन्हा सही केली. "उद्या येतो."

रोज आले. सहा तारखेला संत निकोलाचा सण, सुट्टी घ्या म्हटलं, तरी आले. काकूंनी भरलेला कार्प मासा डब्यात दिला होता, त्यातला तुकडासुद्धा मला विचारला नाही. आवारात आम्ही दोघंच. मी ऑफिसात कंपनी बंद करण्याचे कागद भरत होते आणि ते, कुठेही न जाणारे पाच ट्रक पुसत होते. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, हे मला शिक्षा करायला येतात. आठव्या दिवशी वाटलं, नाही. ते खरंच कामावर येतात. चाळीस वर्षं तेच केलं त्यांनी.

काल खात्याचा शेवटचा कागद आला. परवाना रद्द. मी बाहेर जाऊन सांगितलं. त्यांनी फडकं पिळून वाळत घातलं, हात धुतले, आत आले आणि पहिल्यांदाच टेबलासमोर बसले. खिशातून सेवापुस्तक काढून पुढे सरकवलं.

"लिही."

मी आधीची नोंद कोर्टाच्या हुकमाने रद्द केली आणि खाली लिहिलं: नोकरी संपल्याचं कारण, कंपनी बंद. शिक्का मारला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. बोटाने वाचली, शाई ओली असूनही.

"एवढंच हवं होतं मला," ते म्हणाले. "गेल्या वर्षी काढलंस तेव्हा, काम नाही म्हणून काढलं, असं लिहिलं असतंस तर मी मुकाट्याने घरी गेलो असतो. दावा लावला नसता. फ्रान्सचं सगळं माझ्याच अंगावर राहिलं असतं, आणि तुझे ट्रक आज रस्त्यावर असते."

मग उठले, डब्याची पिशवी घेतली आणि गेले.

मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?

नेव्हेना